सर्वांत लहान फासा

उन्हाळ्याच्या दुपारी दारव्ह्याच्या घरी आजी ओसरीवर खडूने अष्टचंगचा पट आखायची. फासे म्हणजे चार चिंचोके, दगडावर घासून फोडलेले. एक अंग पांढरे, दुसरे काळे. चारही पांढरे पडले की चार, चारही काळे पडले की आठ. यातले एक दान पडल्याशिवाय सोंगटी पटावर बसत नसे. सोळा शक्यतांपैकी दोनच. धाकटी भावंडे रडकुंडीला यायची. "पडते ना बापा, टाकत राय," आजी म्हणायची.

पुढे पुण्याच्या वसतिगृहात डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्ट रचत खेळायचा खेळ भेटला. त्यात गोष्ट सुरू होण्याआधी आपले पात्र घडवायचे असते: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाची छाप, या सहा गुणांना आकडे द्यायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४च्या मूळ खेळात प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकत आणि बेरीज मांडत. सरासरी साडेदहा. अठरा पडण्याची शक्यता २१६त एक. तीन पडण्याचीही तेवढीच. जे पडले ते पात्राचे नशीब.

तेव्हा मला नळराजा आठवे, आपल्या विदर्भाच्या दमयंतीचा नवरा. तो द्यूतात राज्य हरला आणि त्या वाईट दिवसांच्या अखेरीस ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवली आणि त्याला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, दिली. प्राचीन काळी फासेही बेहड्याच्याच फळांचे असत. नशिबालाही हिशेब असतो, हे आपल्या परंपरेला फार आधी उमगले होते.

हा हिशेब डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये मला माणुसकीच्या अंगाने दिसला. चार फासे टाका, सर्वांत लहान बाजूला ठेवा, उरलेल्या तिन्हींची बेरीज घ्या आणि आकडे हव्या त्या गुणांना वाटा. सरासरी सव्वाबाराच्या जवळ जाते. त्याहून मोलाचे म्हणजे तीनवर अडकण्याची शक्यता २१६त एकवरून १२९६त एकवर येते. पुढे २०१४च्या आवृत्तीत तर सगळ्यांना सारखे २७ पॉइंट देऊन निवड करण्याची सोयही आली. ती न्याय्य आहे. पण तिथे अनपेक्षित काही हाती लागत नाही. एखाद्या दुबळ्या गुणातून उमललेले विलक्षण पात्र मी फाशांच्याच खेळात पाहिले आहे.

यवतमाळच्या कोरडवाहू शेतीत वाढलेल्या माणसाला तीन आणि चार फाशांतला हा फरक कळतो. मृगात पेरलेली सरकी पावसाने ओढ दिली की जळते. दुबार पेरणीचे बियाणे कर्जाने येते. एक वाईट दान आणि घर कित्येक वर्षे मागे पडते. पाऊस कुणाच्या हातातला नाही. पण वाईट दान पडले तर त्याचा भार कुणी किती उचलायचा, ते माणसांनी ठरवायचे असते. शेततळे, वेळेवर मिळालेला पीकविमा, शेजाऱ्याने दिलेली बियाण्याची पिशवी: हा सगळा चौथा फासा आहे.

आता घरी भाचरे खेळायला बसतात, तेव्हा मी चार फाशांचाच नियम धरतो. नशिबाची गंमत त्यांना मिळावी, आणि एका दानाने कुणी बुडू नये, हेही त्यांनी लहानपणीच नियम म्हणून शिकावे. मोठेपणी अशा नियमांचा आग्रह धरणारी माणसे या जिल्ह्याला हवी आहेत.