टाकायचं कशाला?

रेकॉर्ड आणि प्ले ही बटणं एकदम दाबायची, हे आमच्या पिढीत पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. खटका पडला की घर चिडीचूप. मग आजीच्या ओव्या, धाकटीचं बोबडं शुभंकरोती, रेडिओवरची ‘आपली आवड’, सगळं त्याच साठच्या कॅसेटवर. मागे कुकरची शिट्टी असायचीच.

कॅसेट टाकून देण्याची रीत नव्हती. फीत गुंतली? पेन्सिल घालून गुंडाळा. तुटली? नखाएवढी चिकटपट्टी लावा, तीही पाठीमागून, म्हणजे हेडला चिकटत नाही. आवाज दबला? कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसा. विकतच्या कॅसेटची वरची खुंटी मोडलेली असायची; त्या खाचेवर चिकटपट्टी मारली की तीही भरायला मोकळी. कितीतरी भावगीतांवर आमच्याकडे बारशी भरली गेली. टाकायचं कशाला?

पुढे आमच्यातले काही शिकायला ओहायोत गेले आणि सुट्टीत येताना ‘बी थाउजंड’ घेऊन आले. डेटन गावच्या ‘गाइडेड बाय व्हॉइसेस’ या बँडचा १९९४चा अल्बम. गाणारा रॉबर्ट पोलार्ड तेव्हा शाळामास्तर, चौथीच्या मुलांना शिकवणारा. गॅरेजात, तळघरात, कॅसेटच्या फोर-ट्रॅक यंत्रावर भरलेली २० गाणी, आणि सगळी मिळून पाऊण तासही नाही! बरीचशी जुन्या, बाजूला पडलेल्या टेपांमधून उकरून काढलेली. म्हणजे तिथेही टाकायचं कशाला, हेच.

ते यंत्र मोठं हिकमती. आपली कॅसेट एका बाजूला दोन पट्ट्या वाजवते, उलटली की उरलेल्या दोन. फोर-ट्रॅक चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतं: एकीवर गिटार, एकीवर ड्रम, एकीवर गळा. तिथे कॅसेट उलटलीत तर सगळं गाणं शेवटाकडून वाजू लागतं.

पहिल्याच गाण्यात, ‘हार्डकोअर यूएफओज’मध्ये, गिटार मध्येच गडप होते आणि थोड्या वेळाने परत येते. त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि उत्तम केलं. पंकची घाई, गुणगुणावीशी चाल, आणि खाली सतत खरखर. त्या खरखरीनं आम्हाला हा अल्बम जवळचा केला. गुळगुळीत स्टुडिओतली गाणी ऐकताना ती कुठे भरली हे कळतच नाही; इथे खोली ऐकू येते, भिंती ऐकू येतात, एका दमात गाणं उरकणारी माणसं ऐकू येतात.

अल्बम सीडीवर होता, पण घरात चालणारं यंत्र टेपरेकॉर्डरच, म्हणून नव्वदच्या कॅसेटवर भरून घेतला. एका बाजूत अख्खा मावला आणि शेवटी थोडी फीत उरली. उरलेली फीत कोरी सोडणं आमच्याकडे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. तिच्यावर गणपतीतला आळीचा ताशा भरला. शेवटचं गाणं संपतं आणि लगेच ताशा कडाडतो. जोड अगदी बेमालूम लागते.