तेरेखोलपर्यंत चाकांवरचे बिऱ्हाड

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे पुरुमेताचे दिवस. सुके बांगडे, सुंगटे, मिरच्या, भिरंडाची सोले सगळे पावसाआधी घरात यायला हवे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. अशा वेळी गावभर भटकणे चांगल्या गृहस्थाला शोभत नाही. तरी आम्ही चौघे कॉलेजचे मित्र गेलो, आणि तेही कॅरव्हॅन भाड्याने घेऊन!

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तशी ही गाडी. चौघांना झोपायची सोय, शेगडी, छोटा फ्रीज आणि एक संडास. तो वापरायचा नाही असे चालकाने बसता बसताच बजावले. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण ती बातमी कोकणातल्या रस्त्यांपर्यंत पोचलेली दिसली नाही. झावळ्या छपराला घासत होत्या. अरुंद वळण आले की आमच्यातला मास्तर खाली उतरून "येऊ दे, येऊ दे" करत पुढे चाले.

बेत तेरेखोलचा. केरीच्या फेरीबोटीवर ही गाडी चढवायला चालक तयार होईना, म्हणून सातार्डा, रेडी असे वळसा घेत गेलो. गंमत बघा, गोव्याच्या या तुकड्यावर रस्त्याने जायचे तर महाराष्ट्रातून जावे लागते. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला आणि नदीपलीकडचे हे ठिगळ गोव्याला चिकटले ते चिकटलेच. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता.

आणि आमच्यातला एक जण जूनमध्ये लिस्बनला चाललाय. कायमचा. सहलीचे खरे कारण तेच, पण सातार्ड्यापर्यंत कुणी तो विषय काढला नव्हता.

मी सरकारी कारकून. काही वर्षे जन्मनोंदणीच्या टेबलावर काढली आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये नोंदणी करता येते, हे त्या टेबलावर बसणाऱ्याला पाठच होते. दाखला मागणाऱ्याच्या चेहऱ्यावरून मी ओळखायचो, हा जाणार. पूर्वी बहुतेकांना इंग्लंड गाठायचे असे. २०२० नंतर तो रस्ता पूर्वीसारखा मोकळा राहिला नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मत देता येत नाही, हेही त्यांना ठाऊक असते.

मित्राच्या वडिलांचा जन्म १९५३ चा, त्या दाखल्यावर काम झाले. आणि आजोबा? त्यांनी सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्लेला.

किल्ल्याखाली उभे असताना मास्तरने विचारलेच, "आजो आज आसलो जाल्यार?"

तो चिडला नाही. म्हणाला, "इथे मानाने राहता यावे म्हणून त्यांनी मार खाल्ला. मी बारा वर्षे कंत्राटावर आहे. दर मार्चला छातीत धडधडते. राहता येते का, तूच सांग."

बँकवाला समुद्राकडे बघत राहिला. मीही गप्प. पहिल्या तारखेला पगार घेणाऱ्याने अशा वेळी देशप्रेमावर बोलू नये, असे माझे मत आहे.

रात्री शिरोड्याला सुरूच्या बनाशेजारी गाडी लावली. शेगडी पेटेना, मग जवळच्या खानावळीतून भात नि हुमण आणले. सकाळी मिठागरे पाहिली. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ याच गावात शिक्षक होते, तेव्हा शाळेसमोर थांबल्याशिवाय मास्तर हलेना. मित्राने मात्र पाच किलो जाडे मीठ घेतले. "लिस्बनला मीठ मिळत नाही?" बँकवाल्याने चेष्टा केली. "आईला," तो म्हणाला. "पावसात ती एकटीच असणार."

परतण्यापूर्वी आरवलीला वेतोबाच्या पाया पडलो. रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून या देवाच्या चपला झिजतात अशी श्रद्धा, त्यामुळे लोक नवसाला भल्यामोठ्या चपला वाहतात. मित्राने केळ्यांचा घड ठेवला. काय मागितले ते आम्ही विचारले नाही. बाहेर चालक हॉर्न वाजवत होता. दुपारच्या आत गाडी परत द्यायची होती.