टॉरंट, स्काइप आणि रविवारची सकाळ

परवा फोनवर भाच्याने विचारलं, "मामा, टॉरंट म्हणजे तुम्ही लोक नेमकं काय करायचे?" तो न्यूजर्सीत वाढलेला, आता कॉलेजात आहे. त्याच्या दृष्टीने फाइल ही गोष्ट बटण दाबलं की येते. रात्री दोनचा गजर लावून फाइल आणायला उठावं लागायचं, हे त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार? तांत्रिक भाग सांगितला आणि विषय बदलला. उरलेली गोष्ट इथे लिहितो. ती त्याच्या जन्माच्या आधीच्या तीन महिन्यांतली आहे आणि तिच्यात मी फारसा चांगला दिसत नाही.

तर, जानेवारी २००६. पुण्यात सातारा रोडवरचं आमचं घर, घरात आजी, आई, बाबा आणि मी. नव्या नोकरीच्या पगारातून घेतलेलं (पण बाबांच्या नावावरचं) ब्रॉडबँड. ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिट. हसू नका, सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच तेवढी होती. हा वेग खाली यायचा. वर जायला आमच्या लाइनीवर फक्त ६४. मॉडेमला चार पोर्ट, त्यातल्या एकाला हॉलमधला बाबांचा संगणक, दुसऱ्याला माझ्या खोलीतला मी स्वतः जोडलेला. महिन्याला १ जीबीची मर्यादा, ती ओलांडली की मीटर पडलाच. फक्त रात्री दोन ते सकाळी आठ सगळं फुकट.

मला फेडोरा कोअर ४ हवं होतं. (त्या काळात टॉरंट वापरणारा प्रत्येक जण लिनक्सच उतरवत होता, असं म्हणायची पद्धत आहे. मी खरंच उतरवत होतो. निदान सुरुवातीला.) चार सीड्या. आता गणित बघा. २५६ किलोबिट म्हणजे सेकंदाला ३२ केबी. ७०० एमबीची एक सीडी पूर्ण वेगाने उतरायला ६ तास १३ मिनिटं. फुकट वेळ बरोब्बर ६ तास! प्लॅन बनवणाऱ्याने सीडी समोर ठेवूनच हे ठरवलं असावं, असा मला अजून संशय आहे.

साध्या डाउनलोडमध्ये मधेच लाइन तुटली की बऱ्याचदा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून टॉरंट. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये काढलेली ही युक्ती मला तेव्हाही आवडायची, आजही आवडते. फाइलचे तुकडे करायचे, ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो त्याने दुसऱ्याला द्यायचा. प्रत्येक तुकड्याची खूण आधीच ठरलेली असते. आलेला तुकडा खुणेशी जुळला नाही तर फेकून द्यायचा आणि पुन्हा मागवायचा. आणि यात फुकट्यांची सोय नाही. तुम्हाला कोण किती देतंय हे तुमचं सॉफ्टवेअर दर दहा सेकंदांनी बघतं आणि जे देतात त्यांनाच देतं. हळदीकुंकवाच्या वाणासारखं. तिकडून आलं तर इकडून जातं.

मी यूटॉरंट वापरायचो. (पहिलं अक्षर खरं तर ग्रीक म्यू, पण यूटॉरंट सोडून दुसरं काही म्हणणारा मला भेटला नाही.) दोनशे केबीच्याही आतलं सॉफ्टवेअर, पण सेटिंगची पानंच्या पानं. रात्री दोनला उठून मी ती उघडून बसायचो. पोर्ट बदल, राउटरच्या १९२.१६८.१.१ वर जाऊन तो पोर्ट उघड, कनेक्शनची संख्या वाढव. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने एका वेळी अर्धवट उघडी कनेक्शनं दहावर आणून ठेवली होती, तर त्याच्यावरचा पॅच शोध. यातल्या कशाचाही आमच्या २५६ च्या लाइनीवर काडीचा फरक पडत नव्हता. पण काहीतरी केल्याचं समाधान असतंच ना.

आणि मग एका रात्री माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला. म्हटलं, आपण वर कशाला पाठवायचं? अपलोडच्या मर्यादेच्या चौकटीत शून्य टाकलं आणि झोपलो.

जाणकार आत्ताच हसले असतील. यूटॉरंटमध्ये शून्य म्हणजे बंद नव्हे. शून्य म्हणजे अमर्याद. चौकटीच्या शेजारी तसं लिहिलेलंही होतं. वाचतो कोण?

आता रविवारची सकाळ. ताईला सहावा महिना होता. आजीला घरी ठेवून आईला तिकडे जाता येत नव्हतं, आणि या गोष्टीवर घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. त्यामुळे दर रविवारी सकाळी सातला (तिकडे शनिवारी रात्री साडेआठ) स्काइपवर बोलणं, हा आठवड्याचा सण. आई पावणेसातलाच अंघोळ करून संगणकासमोर. सात म्हणजे दोन ते आठच्या मधलीच वेळ, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी झोपलेला असायचो.

हॉलमधून आवाज यायचे. "हॅलो... ऐकू येतंय का? अगं, तुझं येतंय मला. माझं येतंय का?" ताईचं बोलणं इकडे स्वच्छ, इकडचं तिकडे तुटक. आई मग ओरडून बोलायची. ओरडल्याने पॅकेट लवकर जात नाहीत, पण हे आईला कोण सांगणार.

त्यातल्या दुसऱ्या रविवारी आजी बसली. डिंकाचे लाडू हे आमच्या घरातलं आजीचं खातं, त्यात आईलाही प्रवेश नव्हता. हेडफोन कानाला लावून घेऊन तिने ताईला पंधरा मिनिटं लाडू सांगितले. डिंक कसा फुलवायचा, खारीक किती, खोबरं किती, मेथीची पूड आधी तुपात का भिजवून ठेवायची, गूळ कधी उतरवायचा. ताई मधूनमधून "हो आजी", "हो हो" म्हणत होती. आजी खूष होऊन उठली.

दुपारी ताईची मला मेल आली. एवढीच, की आजीचं तीनातला एक शब्द ऐकू येत होता, पण तिला परत परत काय विचारायचं, आणि लाइनचं काहीतरी बघ.

मी काही बघायच्या आत बाबांनी बघितलं. बँकेत अडतीस वर्षं काढलेला माणूस. लेखी तक्रार, तिचा नंबर, पाठपुरावा. गुरुवारी लाइनमन आला. भला माणूस. खांबापर्यंत जाऊन आला, गच्चीवरचा जोड नवा केला, मॉडेमची आकडेवारी बघितली. म्हणाला, "काका, लाइन एकदम ओके आहे. घरात कोणी डाउनलोडिंग करतं का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "रात्री करतो थोडं. सकाळी नाही."

प्लॅनच्या भाषेत सकाळी आठपर्यंत रात्रच होती. मी स्वतःला तसंच समजावलं. पण ते बोलतानाच पोटात काहीतरी हललं. ते तेव्हापर्यंत का हललं नव्हतं, याला माझ्याकडे उत्तर नाही. बाबा लाइनमनला चहा देऊन "तुम्हाला उगाच त्रास झाला" म्हणाले.

पुढच्या रविवारी मी सातला जागा होतो. टॉरंट चालूच होतं. एक काळी खिडकी उघडून पिंग लावलं. एरवी चाळीस मिलिसेकंद यायचे, तिथे अठ्ठावीसशे, एकोणतीसशे. तीन सेकंद! बाहेर आई "येतंय का?" करत होती. मी टॉरंट थांबवलं. आकडे खाली आले, नऊशे, दोनशे, चाळीस, आणि बाहेरून आई म्हणाली, "आता येतंय? येतंय म्हणते हो!"

खाटेवर बसून राहिलो. मग कागद घेतला. १५०० बाइटचं एक पॅकेट ६४ किलोबिटच्या वाटेने जायला साधारण १९० मिलिसेकंद लागतात. मॉडेम बिचारा काही फेकत नाही, आलेलं सगळं रांगेत उभं करतो. टॉरंटची पंधरा पॅकेटं रांगेत असली की सोळाव्याचा नंबर तीन सेकंदांनी. आईचा प्रत्येक शब्द त्या रांगेच्या शेवटी उभा राहत होता, आणि बोळात पुढे सगळे माझे ट्रक. रांग भरली की नवं आलेलं पॅकेट सरळ गळायचं. टॉरंटचा तुकडा गळला तर पुन्हा मागवला जातो. बोलण्यात तशी सोय नाही, उशिरा आलेल्या शब्दाचा उपयोगच नसतो. फेडोराची सीडी माझ्याकडे शेवटच्या बिटपर्यंत तंतोतंत उतरली होती.

आणि कमाल म्हणजे यात माझाही फायदा नव्हता. खाली आलेल्या मालाची पोच वर पाठवावी लागते, ती गेल्याशिवाय समोरचा पुढचं पाठवत नाही. इवलीशी चाळीस बाइटची पोच, पण तीही त्याच रांगेत. म्हणून माझं डाउनलोड बारा-चौदा केबीवर रखडलं होतं. ६४ किलोबिट म्हणजे ८ केबी, त्याच्या पाऊण हिश्शावर, ६ वर मर्यादा घातली, कनेक्शनं दोनशेवरून चाळीसवर आणली, तर डाउनलोड चक्क पंचवीसच्या वर गेलं. यूटॉरंटमध्ये सात दिवस आणि चोवीस तासांच्या चौकोनांचं वेळापत्रक होतं. त्यात रविवारचा सातचा चौकोन पांढरा केला, म्हणजे टॉरंट पूर्ण बंद. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

बाबांना सांगितलं, राउटरचं एक सेटिंग चुकलं होतं. "कुणी चुकवलं?" असं त्यांनी विचारलं नाही.

आजीला म्हटलं, आता छान ऐकू जातं, लाडू परत सांग ना ताईला. ती म्हणाली, "एकदा सांगितलं की. पंधरा मिनिटं सांगितलं. ती हो म्हणाली." आजीपुढे हट्ट चालत नसे. भाचा एप्रिलमध्ये झाला. आजी त्याच वर्षी श्रावणात गेली.

हा रोग एकट्या माझ्या घरचा नव्हता, हे नंतर कळलं. २०१० मध्ये जिम गेटिस या अनुभवी इंजिनिअरला स्वतःच्या घरच्या लाइनीवर हेच दिसलं आणि त्याने या फुगलेल्या रांगेला बफरब्लोट असं नाव दिलं. त्याच वर्षी यूटॉरंटच्या २.० मध्ये अशी सोय आली की रांग वाढतेय असं दिसलं की टॉरंट आपणहून मागे सरतं. पुढे चांगल्या राउटरांत रांगेलाच शहाणपण शिकवणारे उपाय आले. माझ्या आत्ताच्या राउटरमध्ये तो चालू आहे. फायबर असून कशाला, असं बायको विचारते. फोन फोटोंचा बॅकअप घेऊ लागला की मी हॉलकडे कान लावून असतो, एवढंच तिला सांगत नाही.

ताईला मात्र दोन वर्षांपूर्वी सगळं सांगितलं. शून्यासकट. ती हसली, मग जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, पण त्यात नक्की काय काय होतं?" इतकी वर्षं ती तीनातल्या एका शब्दावर लाडू करत आली होती. मला आठवत होतं तेवढं सांगितलं. मेथी म्हटल्यावर तिने थांबवलं. मेथी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

त्या थंडीपासून ती मेथी घालते. भाच्याला ते कडू लागतात. त्याला जुनेच हवेत.