बाहुलीचे तोंड

दिवाळीच्या पहाटे आमच्या वरसे गावात उटण्याचा वास दरवळतो, तेव्हा मला हटकून ट्रकची आठवण होते. हे सणाला साजेसे बोलणे नव्हे, ठाऊक आहे मला. पण फराळाचे डबे रिकामे होतात न होतात, तोच डोंगराकडेच्या कातकरी वाडीत वीटभट्टीचा ट्रक येऊन उभा राहतो. भांडी, कोंबड्या, पोरे, म्हातारीकोतारी, सगळे त्यात चढते. चूल पुन्हा पेटायची ती पावसाच्या तोंडावर.

मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. दिवाळीची सुटी संपली की हजेरीपटावर ठरावीक नावांपुढे गैरहजेरी पडे आणि मी ती निमूट मांडीत असे. उचल म्हणजे काय, हे निवृत्त झाल्यावर नीट ऐकले. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा मुकादम रोख पैसे देतो. ते भट्टीवर हजार विटांमागे मजुरी धरून फेडायचे. आठवड्याची खर्चीही त्यातूनच वजा. वही मुकादमाची, लेखणी मुकादमाची. अखेरीस बहुधा देणेच निघते आणि पुढचा ट्रक ठरून जातो. १९७६ सालच्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली खरी, पण ते वाडीपर्यंत सांगत कोण आले होते?

मला भाषण जमत नाही. बाहुल्यांचे वेड मात्र जुने, कुडाळजवळच्या पिंगुळीत लागलेले. तिथल्या ठाकरांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जिवंत ठेवली; त्यांतल्या परशुराम गंगावण्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. माझ्या बाहुल्या आपल्या हातात घालायच्या, साध्या. डोकी मी कागदाच्या लगद्याची केली. डोळ्यांची आखणी पेणच्या गणपतीच्या कारखान्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने केली. मुकादम झोकात उतरला. बाई मी दीनवाणी केली: डोळ्यांत दोन थेंब, ओठ मिटलेले. मला ती फार हृदयस्पर्शी वाटली. कलावंताची हौस, दुसरे काय!

वाडीत चादरीआडून खेळ सुरू झाला. मुकादमाला पोरे पोट धरून हसली. बाई रडू लागताच सगळे गप्प. साधले, असे मी मनात म्हणतो आहे, तोच मागून एक म्हातारी ओरडली,

"मास्तर, तुजी बावली रडतेच किती! तिला तोंड नाय काय?"

माझा हात बाहुलीतच राहिला. "मग काय बोलेल ती?"

"इचारील ना! इटा किती झाल्या ते इचारील."

माझा खेळ तिथेच मोडला. एका तरुण बाईने बाहुली स्वतःच्या हातात चढवली आणि माझ्या मुकादमाला धारेवर धरले. अवकाळी पावसात भिजलेल्या विटा कोणाच्या खात्यात? पोर तापाने फणफणले त्या आठवड्याची खर्ची का कापली? मला एकही उत्तर येईना.

त्याच २०२१ साली 'अमल' नावाची साडेतीन मीटर उंच बाहुली तुर्कस्तानातून इंग्लंडात मँचेस्टरपर्यंत आठ हजार किलोमीटर गेली. आईला शोधणारी ती सीरियातली निर्वासित पोर. तिच्या आत पायांना काठ्या बांधलेला माणूस. गावोगाव लोक तिला पाहायला लोटले. ती मात्र बोलत नसे. आमच्या म्हातारीने तिलाही टोकले असते.

पुढच्या आठवड्यात मी वाडीतल्या एका भिंतीवर हिशेब रंगवला. अक्षर एकही नाही. महिन्याला एक चंद्र, हजार विटांना एक थप्पी, उचलीला एक गाठोडे. माझी पहिली थप्पी पाहून बायका हसल्या. अशी रचली तर कोसळंल, म्हणाल्या. पुसून पुन्हा काढली. तिच्या लहान प्रती पुठ्ठ्यावर करून दिल्या, भट्टीवर कोळशाने रेघा मारायला.

वैशाखात ट्रक परतला. त्या तरुण बाईच्या रेघा मुकादमाच्या वहीपेक्षा नऊ हजार विटांनी जास्त भरल्या. मोठे भांडण झाले. सहा हजार मान्य झाले, तीन हजारांचा वाद अजून चालू आहे.

या वर्षीही ती जाणार आहे. धाकटीला मात्र शाळेसाठी आजीपाशी ठेवते आहे. परवा दारात येऊन तिने पुठ्ठा मागितला, आणि बाहुलीही. मी बाहुलीचे ओठ चाकूने उघडले आहेत. आतला लाल रंग अजून वाळायचा आहे.