चुन्याच्या भट्टीखालचं थडगं

नागपूर-काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं आम्हा नागपूरकरांच्या ओळखीची. एकोणिसाव्या शतकात रिवेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती खणली, आणि दगडांवरचे वाटीसारखे खळगे पाहून त्याला थेट स्कॉटलंड आठवलं. क्लोरोफॉर्मवाल्या डॉ. जेम्स सिम्प्सनने तिकडच्या असल्याच खळग्यांवर १८६७ साली ग्रंथ लिहिला होता. कार्नॅकने १८७९च्या लेखात दोन्हींची सांगड घातली. तो लेख वाचल्यापासून स्कॉटलंडमधलं किलमार्टिन डोक्यात बसलं होतं.

आर्गाइलमधल्या या खोऱ्यात थडग्यांची रांगच आहे. मुक्कामाच्या घरी गरम पाणी मालकिणीच्या मर्जीवर आणि खिडकी न लागणारी, त्यामुळे सकाळी लवकर बाहेर पडायला कुणी सांगावं लागलं नाही. डुनाडच्या टेकडीवर दालरियाडाच्या राजांच्या अभिषेकाचा म्हणतात तो पाऊलठसा आहे. खरा खाली झाकलेला, वर नक्कल. चढलो, उतरलो. नेदर लार्गी नॉर्थ हा केर्न, म्हणजे थडग्यावरची दगडांची रास, दुरून भरघोस दिसतो. झडप सरकवून आत उतरलं की डोक्यावर काँक्रीट. मन उडालं.

मग झाडीतलं री क्रूइन. चार हजार वर्षांपूर्वीची ही रास लोकांनी दगड उचलून उचलून पार खंगवली, आणि वर कुणीतरी तिच्या कुशीत चुन्याची भट्टी घातली. रेव्हरंड मेपलटनने १८७०मध्ये आणि क्रॉने १९२९मध्ये खणलं तेव्हा तीन दगडी पेट्या उरल्या होत्या. त्यांच्या फळ्यांना सुताराने घ्याव्यात तशा खाचा आहेत. लाकडाचं काम येणाऱ्या हातांनी दगड घडवला होता. एका फळीवर कुऱ्हाडींची पाती कोरलेली, दांड्याविना. ऊन तिरपं आलं तशी एकेक उमटू लागली आणि मी ओल्या गवतातच बैठक मारली. ओबानची बस गेली, जाऊ दे.

आता कार्नॅकसाहेबांशी भांडण. खळगे सारखे म्हणून माणसंही एकाच गोतातली, याकडे त्यांचा ओढा. पण विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली, इथली कुऱ्हाड कांस्ययुगातली. मध्ये हजारभर वर्षांची दरी. दगडावर दगड घासला की खळगा होतो, त्याला नातं कशाला लागतं? साम्य शोधायचंच तर ते मोडतोडीत आहे. तयार दगड समोर असताना खाणीत कोण जातं, हे दोन्हीकडच्या गावकऱ्यांना ठाऊक होतं.

सगळा दोष गावकऱ्यांच्या माथी मारू नये. हा मुलूख पोल्टालॉकच्या माल्कम घराण्याचा. त्यांच्या श्रीमंतीत जमैकातल्या गुलामांच्या मळ्यांचा मोठा वाटा. री क्रूइनची सर्वांत विलक्षण कोरीव शिळा त्यांच्या वाड्यात सुरक्षित म्हणून ठेवली, आणि तिथेच आगीत गेली. वाडाही आता बिनछपराचा उभा आहे. थडग्यात राहिली असती तर शिळा भट्टीतूनही वाचली असती, असं माझं ठाम मत.

तिचा ठसा मात्र एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. आधीचे अभ्यासक त्या चित्राला होडी म्हणत. पुढे कुणाला फिती लावलेलं दांड्याचं शस्त्र दिसलं. छायाचित्रावरून मी शस्त्राच्या बाजूचा. शेजारी इतकी पाती असताना होडी कुठून येणार? आयोना बेटाचा बेत रद्द केला आणि एडिंबरोच्या गाड्या पाहू लागलो.