स्टेपनी कुठे असते?

एक साधा प्रश्न. मालवाहू पिकअपची स्टेपनी कुठे असते? अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या गाठी भरलेल्या पिकअप मी रोज बघते, पण मलाही सांगता आलं नसतं.

परिसर अभ्यासात वाहतुकीचा पाठ चालू होता. मी विचारलं, "पिकअपला चाकं किती?" वर्ग ओरडला, "चार!" मागच्या बाकावरून आवाज आला, "पाच." सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. तो मुलगा वाचनात मागे. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे लाल खूण.

"पाचवं कुठंय रे?"

"खाली हाय की बाई. हौद्याच्या खाली."

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील गाडी घेऊन फाटकाशी थांबले. आम्ही सगळे वाकून बघितलं. मागच्या बाजूला चाक आडवं, साखळीनं वर ओढून बसवलेलं. मागून दांडा घालून फिरवला की चाक हळूहळू खाली येतं.

एकीनं विचारलं, "वर हौद्यात का नाही ठेवत?"

तो म्हणाला, "वर गाठी असत्यात. पंक्चर झाल्यावर सगळा माल उतरवायचा का?"

पुढे स्वतःच सांगू लागला. खाली चिखल उडतो, साखळी गंजते, म्हणून तेल द्यायचं. चोरी होते, म्हणून कुलूप लावायचं. आणि स्टेपनीतली हवा बघत राहायची, नाहीतर ऐनवेळी तीच बसलेली निघते.

मग माझी पाळी. मी मुलांना शब्दाची गोष्ट सांगितली. पूर्वी मोटारींना जादा चाक मिळतच नसे. 1904 च्या सुमारास वेल्समधल्या लानेल्ली गावात असं चाक बनवायला सुरुवात झाली. कारखाना होता स्टेपनी स्ट्रीटवर. त्या गल्लीचं नाव सोलापूरपर्यंत आलं!

त्या दिवशी त्याला म्हटलं, जे सांगितलंस ते लिही. चार ओळी लिहिल्या, चुका भरपूर. पण स्वतःच्या ओळी त्यानं वर्गासमोर बोट ठेवून, अडखळत का होईना, पूर्ण वाचल्या. जूनपासून पहिल्यांदाच.

लाल खूण अजून आहे. वाचनाचं काम अजून बाकी आहे. पण आता सुरुवात कुठून करायची ते मला कळलंय. वर्षभर मी त्याला काय येत नाही तेच तपासत होते, काय येतं ते विचारलंच नव्हतं.

तुमच्या वर्गातल्या, घरातल्या मुलाला आज त्याला येणाऱ्या गोष्टीवर एक प्रश्न विचारून बघा. आणि उत्तर आलं की हसू नका. आधी वाकून बघा.