न थांबणारे चाक

एकदा गती दिली, की पुन्हा कधीही न थांबणारे चाक मनुष्याला करता येईल काय? प्रश्न वाटतो बालसुलभ. पण तो फार जुना आहे आणि त्याने मोठमोठ्या बुद्धिमंतांनाही मोह घातला आहे. भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. त्यातील यंत्राध्यायात हलक्या लाकडाच्या एका चाकाचे वर्णन आहे. चाकाला सारख्या अंतरावर तिरप्या पोकळ नळ्या बसवाव्या, त्या पाऱ्याने अर्ध्या भराव्या आणि चाक आसावर ठेवावे, म्हणजे ते आपोआप फिरू लागेल, असे आचार्य म्हणतात. पुढे तेराव्या शतकात फ्रान्समधील व्हिलार द ऑनकूर याने आपल्या चित्रवहीत हलत्या हातोड्या लावलेले असेच एक चाक रेखाटले. देश निराळे, भाषा निराळ्या. स्वप्न मात्र एकच!

मी आयुष्यभर मराठी शिकवले. यंत्रांशी माझा संबंध शाळेतील घड्याळाला किल्ली देण्यापुरताच. तरी हा प्रश्न एकदा माझ्याही दारी येऊन उभा राहिला. मी मुख्याध्यापक असताना सातवीतील एक मुलगा सायकलीचे जुने चाक घेऊन माझ्याकडे आला. चाकाच्या कडेला त्याने हलत्या काड्या जोडल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना लोखंडी नट बांधले होते. चाक फिरले, की उतरत्या बाजूच्या काड्या बाहेर पसरत आणि चढत्या बाजूच्या आत मिटत.

तो म्हणाला, “सर, आमच्या शेतावर वीज रात्रीची येते. बाबांना थंडीत, काळोखात पाणी द्यायला जावे लागते. बांधावर साप असतात. हे चाक आपोआप फिरू लागले, तर विहिरीचे पाणी तेच काढील. पण ते थोडे फिरते आणि थांबते.”

‘हे अशक्य आहे’ एवढेच सांगून त्याला परत पाठवणे मला प्रशस्त वाटेना. मी विज्ञानाच्या बाईंना बोलावले. त्यांनी चाक स्थिर धरले आणि त्या म्हणाल्या, “बाळ, आसाच्या दोन्ही बाजूंचे नट तूच मोज.”

त्याने मोजले. उतरत्या बाजूचे नट आसापासून दूर होते, पण संख्येने थोडे. चढत्या बाजूचे जवळ होते, पण संख्येने अधिक. दूरचे थोडे आणि जवळचे पुष्कळ! एका बाजूने मिळवावे, ते दुसऱ्या बाजूने द्यावे लागत होते.

“आणि तेल घातले तर?” त्याने विचारले.

“तळहात एकमेकांवर घास. ऊन लागतात ना? चाकाची गतीही आसाशी घासून, वाऱ्याशी झुंजून अशीच उष्णता होऊन जाते. तेलाने ही गळती कमी होईल. बंद होणार नाही. आणि समज, ती बंद झाली, तर चाक नुसते फिरत राहील. त्याला पाणी ओढायला लावलेस, की त्याची गती त्या कामात खर्च होईल आणि ते थांबेल.”

मुलगा क्षणभर गप्प राहिला; मग म्हणाला, “पण बाई, नदी तर सारखी वाहते! तिला कोण ढकलते?”

बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवले. “सूर्य. समुद्राच्या पाण्याची वाफ करून तो ते वर उचलतो. म्हणून ते डोंगरावर पडते आणि खाली वाहते.”

मुलांनो, अशा असंख्य चाकांचे प्रस्ताव पाहून पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली यापुढे त्यांचा विचारच न करण्याचे ठरवले. परंतु ते श्रम वाया गेले नाहीत. चाक का थांबते, हे शोधता शोधता मनुष्याला सृष्टीचा एक थोर नियम सापडला. जेम्स जूल याने पडत्या वजनांच्या साहाय्याने पाण्यात पाती फिरवली आणि त्या पाण्याची वाढलेली उष्णता मोजली. १८४७ साली हेल्महोल्ट्झ याने हा नियम स्पष्ट मांडला. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही होत नाही. ती केवळ रूप पालटते.

आज कित्येक शेतांवर सौरपंप भरदिवसा पाणी उपसतात. त्यांत न थांबणारे चाक नाही. सूर्य मावळला, की तेही थांबतात. पण ज्या शेतकऱ्याला त्यामुळे रात्री सुखाने झोप लागते, त्याला याहून अधिक काय हवे? फुकटाच्या स्वप्नाने जे दिले नाही, ते निसर्गाचा हिशेब नीट समजून घेतल्याने मिळाले. म्हणून कोणी तुम्हांला इंधनावाचून अखंड चालणारे यंत्र दाखवले, तर त्याला हसू नका आणि भुलूही नका. ‘या कामाची ऊर्जा येते कोठून?’ एवढेच शांतपणे विचारा.